पर्ली पणजीचा प्रश्न

वर्नेल आत्याने एकदाच सांगितलं होतं, तेही फोनवर, ख्रिसमसच्या आदल्या आठवड्यात. "जनेल, काउंटीच्या शाळांचे आकडे बघशील तेव्हा वरची ओळ वाचून उठू नकोस. खाली उतर. अगदी तळापर्यंत." जनेलच्या खांद्याशी फोन दाबलेला, हातात इमानीचे ओले मोजे. "हो आत्या," ती म्हणाली, आणि मोजे ड्रायरमध्ये टाकताना आत्याचं बोलणंही त्यांच्याबरोबर आत टाकून तिने दार लावलं. आत्या अडतीस वर्षं शाळेत काढलेली बाई. निवृत्त झाली तरी सांगायची सवय काही सुटलेली नाही, एवढंच जनेलने त्यातून घेतलं.

आता जुलैचा तिसरा शनिवार उजाडला होता आणि जनेल, तिचा नवरा डॅरियस आणि लेक इमानी असे तिघं तिच्या माहेरच्या फेझन मंडळींच्या मेळाव्याला निघाले होते. जनेलच्या पिशवीत डासांचं औषध, थर्मामीटर, इमानीचे दोन जादा फ्रॉक आणि तळाशी एक पिवळी फाइल होती. तिघांच्याही अंगात यंदाचे जांभळे शर्ट, पाठीवर मोठ्या अक्षरांत 'फेझन'.

"सगळ्यांसमोर काढणार आहेस ती फाइल?" डॅरियसने गाडी चालवता चालवता विचारलं.

"विचारलं तर."

"रॉस्को काका विचारणारच. त्यांनी खुंटासुद्धा तासून ठेवलाय. परवा मला फोटो पाठवला."

"तुला? तू काय फेझन आहेस?"

"म्हणून तर मला. तुला पाठवायची त्यांची छाती नाही."

जनेल हसली नाही. मागे वळून तिने इमानीच्या सीटचा पट्टा पुन्हा एकदा ओढून बघितला. निघाल्यापासूनची ही तिसरी वेळ.

फेझनांची साठ एकर जमीन तालमन काउंटीत, सायप्रस फोर्कच्या रस्त्याला लागून होती. शंभर वर्षांत तिचे तुकडे पडले नव्हते. कागदोपत्री ती सगळ्यांची होती, म्हणजे कोणा एकाची नव्हती, आणि म्हणून तिथे घर बांधायचं तर सगळ्या घराला विचारावं लागे. त्याला त्यांच्यात 'उभं राहणं' म्हणत. मेळाव्याच्या शनिवारी जेवणं झाली की केक कापायच्या आधी, ज्याला एक एकर हवी त्याने उठून उभं राहायचं, का हवी ते बोलायचं, आणि मग थोरापासून लहानापर्यंत प्रत्येक मोठ्या फेझनने हो किंवा नाही म्हणायचं. सगळ्यांचे हो आले की तिथल्या तिथे खुंटा ठोकायचा. तो दिवस गेला की पुढच्या वर्षापर्यंत थांबायचं.

जनेलला पुढचं वर्ष नव्हतं. ऑगस्टच्या एक तारखेपासून डॅरियसची नोकरी सुरू होत होती, तालमन आणि व्हिटेकर या दोन काउंटींच्या सीमेवरच्या हॉस्पिटलात. कुठूनही निघा, पंचवीस मिनिटं. त्याच महिनाअखेरीला इमानीची शाळा सुरू होणार होती, आयुष्यातली पहिली. घर कुठे करायचं ते याच महिन्यात ठरवायचं होतं. घर म्हणजे खरं तर शाळा. बाकी भिंती आणि छप्पर काय, सगळीकडे सारखंच.

आणि जनेलने ठरवलं होतं. सहा महिने ती इमानी झोपली की फोन घेऊन बसायची. राज्य दरवर्षी काउंटीवार आकडे जाहीर करतं. तिसरीतली किती मुलं तिसरीचं वाचू शकतात? व्हिटेकर काउंटीत शंभरात एकाहत्तर. तालमनमध्ये बावन्न. मधली एकोणीस मुलं जनेलला डोळ्यांसमोर दिसायची, आणि त्यांच्यात दर वेळी इमानी असायची.

यामागे एक जुनं दुखणं होतं, ते तिने डॅरियसलाही अर्धंच सांगितलं होतं. कॉलेजच्या पहिल्या आठवड्यात गणिताची चाचणी झाली आणि जनेल फेझनला, तालमन काउंटीच्या तिच्या वर्षातल्या सगळ्यांत हुशार मुलीला, मागे पडलेल्यांच्या वर्गात बसवलं. आजूबाजूची मुलं जे आठवीत शिकून आली होती ते तिने पाहिलेलंसुद्धा नव्हतं. आठवीला ती सायप्रस फोर्कच्या शाळेत होती. तेव्हा तिथली मुख्याध्यापिका होती वर्नेल आत्या.

*

"आली! माझी एकर आली!"

रॉस्को काका भट्टीपासून हात पसरूनच आला. जनेलच्या वडिलांचा धाकटा भाऊ. वडील गेल्यापासून तिची सगळी जबाबदारी आपल्यावर आहे असं त्याने कोणालाही न विचारता ठरवून टाकलं होतं. त्याच्या अंगाला धुराचा आणि व्हिनेगर-मिरचीचा वास येत होता. भट्टीत डुक्कर अख्खं भाजत होतं आणि काकाशिवाय त्याला कोणी हात लावायचा नव्हता.

"इमानी, तिकडे नाही, इकडे, भट्टीपासून लांब," जनेल म्हणाली.

"अगं, खेळू दे पोरीला. हे बघ." काकाने बाकाखालून खुंटा काढला. चिकाने लालसर झालेलं पाइनचं लाकूड, टोक नीट तासलेलं, वर तापल्या सळईने कोरलेलं जनेलचं नाव आणि त्याखाली बारीक अक्षरात इमानीचं.

खुंटा सुंदर होता. नेमकं तेच तिला नको होतं.

"काका, मी अजून उभी राहिलेली नाहीये."

"राहशील की. चालत शाळेत जाईल पोरगी. सायप्रस फोर्कची शाळा राज्यात पहिली आलेली आहे, माहितीये ना? दारावर पाटी आहे."

"पाटीवर साल काय आहे?"

डॅरियसला एकदम खोकला आला.

"सत्त्याऐंशी," काका म्हणाला. "एकोणीसशे. पण अजून चकचकीत आहे. मी स्वतः पुसतो."

टेबलांकडे शेरीस भांड्यांवर फॉइल लावत होती. शेरीस ही काकाची मुलगी, जनेलहून सहा वर्षांनी मोठी, आणि व्हिटेकर काउंटीत घरं विकायची. सहा महिन्यांत जनेलच्या बाजूने फेझनांपैकी कोणी बोललं असेल तर ती एकटी.

"ते बटाट्याचं सॅलड इमानीला देऊ नकोस," शेरीस हळूच म्हणाली. "बर्निसने केलंय. मागच्या वर्षी पाद्रीबाबा तीन दिवस आडवे होते."

"शेरीस, मी आज सांगून टाकणार आहे. नको म्हणून."

"सांग. डॅडी दोन दिवस फुगून बसेल, मग विसरेल. एकाहत्तर, जनेल! मी घर दाखवायला नेते ना, तेव्हा आधी हाच आकडा सांगते. मग लोक स्वयंपाकघरसुद्धा उघडून बघत नाहीत."

"तुझ्या ब्रिएलला आवडते का शाळा?"

"छान आहे," शेरीस म्हणाली आणि फॉइल इतकं ओढलं की ते फाटलं. "अगदी छान."

जनेलचं लक्ष होतं तिच्याकडे. कोणाचा आवाज कुठे चिरतो ते तिला चटकन कळायचं. पण त्याच क्षणी इमानी भट्टीच्या दिशेने पळाली आणि ते तसंच राहिलं.

*

जेवणं झाली. पेकानच्या झाडाखाली चार लांब टेबलं, चाळीसेक माणसं. म्हातारे खुर्च्यांवर, बाकीचे बाकांवर. मधल्या खुर्चीत वर्नेल आत्या. चौऱ्याहत्तर वर्षांची, ताठ बसलेली, जांभळ्या शर्टावरही मोत्यांची माळ घातलेली. मुलं तिच्यापुढून जाताना आपोआप चालायला लागत, पळत नसत.

रॉस्को काकाने चमच्याने बरणी वाजवली. "फेझनहो! कोण उभं राहतंय?"

सगळ्यांच्या माना जनेलकडे वळल्या. म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. काकाने एकालाही सोडलं नव्हतं.

जनेल उठली. फाइल छातीशी धरलेली. "मी उठलेय, पण मागायला नाही. माफ करा. आम्ही व्हिटेकरला घर घेतोय."

कोणीतरी 'अरे देवा' म्हणालं. काकाच्या हातातला चमचा तसाच राहिला.

"व्हिटेकर?" तो म्हणाला. "तिथे आपलं कोण आहे?"

"मी आहे, डॅडी," शेरीस म्हणाली.

"तू घरं विकायला गेलीस, ते वेगळं. ही चांगली आपल्या मातीत येणारी पोर. जनेल, का?"

"शाळेसाठी, काका. इथली बावन्न मुलं वाचतात आणि तिथली एकाहत्तर. मी हवेत बोलत नाहीये, राज्याचा कागद आहे."

"कागद!" काका उठूनच उभा राहिला. "जमीन कागदावर तोलायची? तुझा बाप याच शाळेत शिकला. मी शिकलो. या घरात आकडे बघून कोणी पाऊल टाकलेलं नाही!"

"म्हणून तर!" जनेलचा आवाज चढला आणि मग तिला तो आवरता आला नाही. "मीही याच शाळेत शिकले ना. कॉलेजात मला कुठे बसवलं माहितीये तुम्हाला? मागे राहिलेल्यांत. आठवीचं बीजगणित मला कोणी शिकवलंच नव्हतं. मी ख्रिसमसला घरी आले तेव्हा तुम्ही सगळे मला डॉक्टर म्हणत होतात, आणि मी न्हाणीघरात जाऊन रडत होते. इमानीच्या वाट्याला मी ते येऊ देणार नाही. तुम्हाला राग येऊ दे."

सगळे आत्याकडे बघायचं टाळत होते, आणि म्हणून सगळेच तिच्याकडे बघत होते.

रॉस्को काकाच्या मनात त्या क्षणी काय चाललं होतं ते पुढे त्यानेच डॅरियसला सांगितलं. भाऊ जाताना त्याला म्हणाला होता, पोरीकडे लक्ष दे. एक एकर जमीन आणि आपल्या हातचा खुंटा, याहून मोठं लक्ष कसं देतात ते त्याला ठाऊक नव्हतं. आणि आता पोरगी सगळ्यांसमोर ते परत करत होती.

"दोन हजार सात," वर्नेल आत्या म्हणाली.

तिने आवाज मुळीच चढवला नव्हता. "गणिताचे मास्तर डिसेंबरात नोकरी सोडून गेले आणि जूनपर्यंत त्या जागी कोणी आलं नाही. मी तीन पत्रं लिहिली. दोनदा काउंटीच्या शाळा-बोर्डासमोर उभी राहिले. शेवटी मी स्वतः वर्ग घेतला, पण मला जेवढं येत होतं तेवढंच दिलं, आणि ते पुरेसं नव्हतं. तुला जे द्यायचं होतं ते माझ्या शाळेने दिलं नाही, जनेल. माझ्या शाळेने म्हणजे मी."

"ताई, तू कशाला..." काका म्हणाला.

"रॉस्को, बस खाली. आणि या घरात आकडे बघून कोणी पाऊल टाकलं नाही म्हणालास ना? ही जमीन आली कशी, ते विसरलास?"

काका बसला.

"पर्ली आजी," आत्या मुलांकडे वळली. "तुमच्यापैकी काहींची पणजी, काहींची खापरपणजी. एकोणीसशे चोवीस साल. तिला आणि आजोबांना कुठेतरी कायमचं बसायचं होतं. तीन पोरं. तेव्हा काळ्या पोरांच्या शाळा तंबाखूच्या हंगामापुरत्या बंद, कापसापुरत्या बंद, कोणाच्याही मर्जीला आलं की बंद. फेब्रुवारीत ती चार काउंटी पायी हिंडली. प्रत्येक ठिकाणी चर्चच्या दारात उभी राहायची आणि एकच प्रश्न विचारायची. काय विचारायची, रॉस्को?"

काका तोंडातल्या तोंडात म्हणाला, "शाळा किती महिने चालते."

"पूर्ण सांग."

"आमच्या पोरांची शाळा किती महिने चालते."

"आमच्या पोरांची. व्हिटेकरमध्ये तेव्हाही विटांची शाळा होती, मोठी घंटा होती, वर्षाचे आठ महिने चालायची. लोकांनी तिला कौतुकाने नेऊन दाखवली. ती म्हणाली, बघितली, आता आमच्या पोरांची सांगा. ती होती तीन महिने, एका गोदामात. इथे घंटाही नव्हती, लाकडी खोली होती. पण सहा महिने. म्हणून आपण इथे." आत्याने हात पुढे केला. "दे ती फाइल."

जनेलने दिली. आत्याने चष्मा चढवला, कागद उलटा करून बघितला, पुन्हा सुलटा केला.

"एकच पान?"

"तेवढंच लागतं ना, आत्या. काउंटीचा आकडा."

"एकूण पानं किती आहेत?"

"असतील... नऊ-दहा."

"कॉलेज झालेली पोर तू, दहातलं एक पान वाचून चार पिढ्यांची जमीन नाकारतेस? मी हो म्हण असं म्हणत नाहीये. नाकार. पण पर्लीचा प्रश्न विचारून नाकार."

जनेलचे कान तापले. ख्रिसमसचा तो फोन, ओले मोजे, ड्रायरचं दार, सगळं एकदम आठवलं. तिने फोन काढला. पेकानखाली नेटवर्कची एक रेघ दिसेना. "इथे कुठेच मिळत नाही," बर्निस म्हणाली, "बाकावर चढ, तिथे मिळतं." जनेल बाकावर चढली. डॅरियसने खालून तिच्या पोटरीला हात लावून धरलं, आणि चाळीस जांभळे शर्ट मान वर करून बघत राहिले.

पहिली ओळ. एकाहत्तर. ती खाली सरकली. मुलं, मुली. घरची परिस्थिती. मग गटवार पान, तिने आजवर न उघडलेलं.

"वाच," आत्या म्हणाली.

"व्हिटेकर. गोरे विद्यार्थी, चौऱ्याऐंशी. कृष्णवर्णीय विद्यार्थी..." ती थांबली. बोटाने मोठं करून पुन्हा पाहिलं. "अडतीस."

"आणि इथे?"

"पन्नास."

भट्टीतून चरबी ठिबकून चुर्र आवाज आला.

"ब्रिएल त्या अडतिसांत नाहीये," शेरीस म्हणाली.

काकाला वाटलं ती बढाई मारतेय. "ते माहितीये आम्हाला, माझी नात..."

"बासष्टांत आहे, डॅडी. न वाचणाऱ्यांत." शेरीस फॉइलच्या कडा बोटाने दाबत होती. "वर्षभर तिला खालच्या गटाच्या टेबलाला बसवलं. वर्गात आपल्या चार मुली आहेत. चौघी त्याच टेबलाला. मी विचारायला गेले तर म्हणाले, आमची काउंटी राज्यात वरच्या क्रमांकावर आहे, काळजी करू नका. आणि मी परत येऊन लोकांना तेच सांगत राहिले. एकाहत्तर, एकाहत्तर."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही पाटी पुसत होतात."

काका उठला, टेबलाला वळसा घालून गेला आणि लेकीच्या डोक्यावर हात ठेवून उभा राहिला. चमचा अजून हातातच होता. "ताईकडे आण तिला," तो म्हणाला. "सुट्टी आहे ना. उद्यापासून आण."

जनेल बाकावरून उतरली नव्हती. ती आता सायप्रस फोर्कची ओळ शोधत होती, एका शाळेची. सापडली. पूर्ण शाळा, सत्तावन्न. कृष्णवर्णीय विद्यार्थी: तिथे आकडाच नव्हता. एक फुली होती.

"आत्या, इथे फुली आहे."

"दहाहून कमी मुलं असली की राज्य आकडा झाकतं. पोरं ओळखू येऊ नयेत म्हणून."

"म्हणजे मला कळणारच नाही?"

"कागदावरून नाही."

जनेलने फोन खिशात टाकला. अर्धी गंमत म्हणून, अर्धी भीतीने, डॅरियस म्हणाला, "उतरतेस का?"

"नाही."

तिला स्वतःलाही तेव्हाच कळलं. तिने खाली पाहिलं. इमानी टेबलाखाली बसून मक्याच्या पावाचे तुकडे मुंग्यांना देत होती, प्रत्येकीला वेगळा.

"पन्नास म्हणजे अर्धी," जनेल म्हणाली. "अर्धी वाचत नाहीत. मी त्याला चांगलं म्हणणार नाही, आणि काका, तुम्हीही ती पाटी कोणाला दाखवायची नाही. पण सहा महिने मी काउंटीला विचारत होते की तू किती चांगली आहेस. माझ्या पोरीसाठी किती चांगली आहेस, हे विचारलंच नाही. व्हिटेकरला मी विचारायला गेले तर ते मला घंटा दाखवतील. इथे आत्याला विचारलं तर ती म्हणते, चूक माझी. असं म्हणणारी शाळा मी कुठल्याच कागदावर पाहिलेली नाही."

आत्याने माळेला हात लावला.

"मी उभी आहे," जनेल म्हणाली. "एक एकर मागतेय. रस्त्याकडची, शाळेजवळची. पण मी इथे आले की रोज शाळा उघडताच दारात दिसेन आणि बोर्डाच्या प्रत्येक बैठकीला पहिल्या रांगेत बसेन. गणिताची एक जागा एक महिना जरी रिकामी राहिली तरी मी तिथे उभी राहीन. आणि एकटी नाही. आत्या दोनदा एकटी उभी राहिली. आता तुम्ही सगळे येणार, हेच जांभळे शर्ट घालून. ज्याला यायचं नाही त्याने आत्ताच नाही म्हणावं."

"हेच शर्ट?" बर्निस म्हणाली. "मला हा काखेत घट्ट होतो."

"मोठा शिवून घे," आत्या म्हणाली. "माझं हो."

मग रॉस्को काका. त्याने तीनदा घसा खाकरला. "हो. आणि पाटी मी काढून घरी नेतो. नवीन साल मिळेपर्यंत."

हो आले. कोणी ओरडून, कोणी टाळी वाजवून, चर्चमध्ये देतात तसे. एका काकूने बसल्या बसल्या डोळे मिटून 'हो' म्हटलं आणि तशीच पुटपुटत राहिली. शेरीस शेवटून तिसरी होती. ती जनेलकडे बघत म्हणाली, "हो. आणि माझी बोर्डातली रांग कुठली? व्हिटेकरलाही बोर्ड आहे. तिथे तुम्ही सगळे माझ्यासाठी येणार असाल तर माझं दोनदा हो."

"येणार!" काका गरजला. "गाड्या भरून येणार!"

"तेवीस," आत्या म्हणाली. ती मोजत होती. "सगळे." आणि मग, फक्त जनेलला ऐकू जाईल असं: "पर्ली आजी हे बघायला हवी होती. शंभर वर्षांनी तिचा प्रश्न तिच्याच पणतीने विचारला, तोही बाकावर चढून."

जनेलला आपली मान सरळ झाल्यासारखी वाटली. पाठीवरचं ते आडनाव तिने वर्षानुवर्षं शर्टावर घातलं होतं; आज ते पहिल्यांदा अंगाला बसलं.

रस्त्याकडच्या कोपऱ्यात काकाने खुंटा धरला, डॅरियसने हातोडा मारला. जावयांना हो म्हणायचा हक्क नव्हता, पण ठोकायला कोणी अडवलं नाही. तिसऱ्या घावाला पाइनचा वास सुटला. इमानीने विचारलं, "हे आपलं झाड आहे का?" आणि चाळीस माणसं एकदम हसली.

*

ऊन कलल्यावर दोघी मागच्या नळावर पातेली घासत होत्या. जनेल घासत होती, आत्या विसळत होती.

"आत्या, त्या फुलीमागे किती मुलं आहेत?"

"नऊ."

"तुला माहितीयेत?"

"मंगळवार-गुरुवार मी वाचन घ्यायला जाते तिथे. माहीत नसायला काय झालं?"

"मग मघाशी सगळ्यांसमोर का नाही सांगितलंस?"

"राज्याने झाकलंय ते मी मेळाव्यात उघडणार? आणि सांगितलं असतं तर उद्या म्हणाली असतीस, आत्याने पटवलं. हो तुझं तू म्हणायला हवं होतंस." आत्याने पातेलं उपडं घातलं. "आता तू तिथली आई आहेस. ऐक. एकाला ट्रॅक्टरचं पुस्तक सोडून काही नको, पण तो ट्रॅक्टरचं काहीही वाचतो, तेल कधी बदलायचं तेसुद्धा. जुळ्या बहिणी आहेत, एक वाचते आणि दुसरी तिच्या आधी वाक्य संपवते. एक पोर मला दुरुस्त करतं, आणि दर वेळी त्याचंच बरोबर असतं. असे सहा वाचतात. दोघं अडखळतात. त्यातल्या एकाला चष्मा हवा होता, एवढंच. तो आला मे महिन्यात. दुसऱ्यावर माझं काम चालू आहे, मी हरलेली नाही."

"हे आठ झाले."

आत्याने नळ बंद केला. हात पुसायला ती नको इतका वेळ घेत होती.

"नववी ऑक्टेव्हिया. डावरी. बोट ठेवून वाचते, आणि अवघड शब्द दिसला की वाचायच्या आधी हसते, म्हणजे येतो की नाही ते आपल्याला लगेच कळू नये. जानेवारीत तिने मला पहिलं अख्खं पान वाचून दाखवलं. फेब्रुवारीत तिची आई तिला घेऊन व्हिटेकरला गेली. तीही तोच आकडा बघून. मी दोनदा फोन केला, नंबर बंद आहे. तिथल्या शाळेला विचारलं तर म्हणाले, आम्हाला सांगता येत नाही." तिने बंद नळ उगाच पुन्हा आवळला. "मी शोधत राहीन. पण माझं वय झालं गं, जनेल."

जनेलच्या हातावरचा फेस तसाच वाळत होता. सोमवारी ती शेरीसला घेऊन व्हिटेकरला जाणार होती, आणि पुढच्या सोमवारीही. पण काउंटी मोठी आहे, शाळा सव्वीस आहेत, आणि एका मुलीला किती जणी शोधणार?

म्हणून जनेलचं तुमच्याकडेही मागणं आहे. तुम्ही त्या बाजूला राहत असाल, किंवा नुसते जाता-येता थांबत असाल, तर बघा. चौथीत गेली असेल आता, नऊ-दहा वर्षांची. अवघड शब्दाआधी हसते. त्या हसण्याला फसू नका. तिच्याजवळ बसा, हातात काहीतरी वाचायला द्या आणि हसून झाल्यावर ती शब्द वाचते का ते थांबून ऐका. मग सायप्रस फोर्कच्या शाळेत कळवा. मंगळवार-गुरुवार सकाळी वर्नेल आत्या असते, आणि आता रोज सकाळी जनेल.